सोळा वर्षं शिकवल्यावर समुपदेशक व्हायचं असेल तर

आलेला प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या शिक्षिका, वय ४१, सेवा १६ वर्षं, शिक्षण एम.ए. (मराठी), बी.एड. मधल्या सुट्टीत मुलं त्यांच्याजवळ येऊन मन मोकळं करतात, पालकही घरच्या अडचणी सांगतात. हेच आपलं खरं काम असं त्यांना वाटू लागलंय. नोकरी सोडून समुपदेशनाचा कोर्स करावा का, कुठला करावा, आणि त्यावर घर चालेल का, असं त्यांनी विचारलंय. शेवटी एक ओळ आहे : नववीतल्या एका मुलीने निबंधाच्या वहीत मागच्या पानावर ‘जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलंय, तिच्याशी काय बोलू?

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीचे थांबू शकतात, हा थांबू शकत नाही.

त्या मुलीला उद्याच, शाळा भरल्यावर, बाजूला घेऊन भेटा. स्टाफरूममध्ये नको, व्हरांड्यातही नको. तिला सरळ सांगा, ‘तू वहीत लिहिलेलं मी वाचलं. मला काळजी वाटली. स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती आपल्याकडे फार आहे. तसं होत नाही. कुणीतरी स्पष्ट विचारलं की मुलांना हायसंच वाटतं. ती ‘हो’ म्हणाली तर पुढचंही विचारा : कसं करायचं ते ठरवलंय का, कधी, याआधी काही केलं होतं का. तुमच्याकडे द्राक्षबागांच्या फवारणीची औषधं घराच्या पडवीत असतात. ती तिच्या हाताशी आहेत का हे विचारा आणि पालकांना ती कुलपात ठेवायला सांगा. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. ‘तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून मला आई-बाबांना आणि मोठ्या सरांना सांगावं लागेल, कसं सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू’ असं म्हणा. पालक येईपर्यंत तिला एकटं सोडू नका. सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आहेत, तिथे तिला दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं, आणि काय करावं हे विचारायला तुम्हीही तिथे फोन करू शकता. बोलण्यात घरातल्याच कुणाकडून लैंगिक त्रास होतोय असं निघालं, तर पालकांना बोलावण्याआधी थांबा आणि पोलिसांना कळवा; मदतीला १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइनही आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, मग तुम्ही शिक्षिका असा की समुपदेशक.

एवढं करायला पदवी लागत नाही. प्रत्येक शिक्षकाला हे यायला हवं.

आता तुमच्याबद्दल. मी आधी शाळेत शिकवत होते. आता पुण्यात समुपदेशन करते आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांच्या कामावर देखरेख करते. त्यांत शिक्षक पुष्कळ असतात, म्हणून तुमचा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. माझं मत असं : राजीनामा आत्ता देऊ नका. आणि कोर्स शोधण्याआधी, तुमचं काम ऐकून ते तपासणारी अनुभवी व्यक्ती कुठे मिळेल ते शोधा. शिक्षकाला समुपदेशक होताना माहिती कमी पडत नाही. त्याच्या आड येते ती उत्तर देण्याची सवय. ही सवय पुस्तकं वाचून जात नाही. दुसऱ्या कुणीतरी तुमचं काम ऐकावं लागतं, एखाद्या वाक्याशी थांबवावं लागतं आणि ‘इथे काय झालं?’ असं विचारावं लागतं.

प्रशिक्षणात आम्ही एक सराव घेतो. एक जण दहावीतली मुलगी होते, दुसरी समुपदेशक. मुलगी म्हणते, ‘मॅडम, मला शाळेत यायचंच नाही.’ समोर शिक्षिका असेल तर पुढचं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं : ‘असं कसं चालेल बाळा? दहावीचं वर्ष आहे.’ मुलगी ‘हो मॅडम’ म्हणते आणि सराव तिथेच संपतो, कारण बोलायला काही उरत नाही. मग तोच सराव पुन्हा घेतो. या वेळी समुपदेशक फक्त एवढंच म्हणते, ‘यायचंच नाही असं वाटतंय.’ आणि थांबते. मुलगी खाली बघते, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते. पाच सेकंद, दहा सेकंद. इथे शिक्षिकेचे ओठ हलायला लागतात. वर्गात दहा सेकंद शांतता झाली की उत्तर कुणालाच येत नाही असं आपण समजतो आणि पुढचा प्रश्न टाकतो. वर्षानुवर्षं तेच केलेलं असतं. इथे थांबायचं असतं. मग केव्हातरी मुलगी म्हणते, ‘बसमध्ये तो मुलगा असतो.’

तेवढी शांतता सोसता येणं हे या कामाचं पहिलं कौशल्य. ते यायला महिने लागतात. वाचताना वाटतं तितकं सोपं नाही, कारण गप्प बसणं म्हणजे कामचुकारपणा असं आपल्या अंगात मुरलेलं असतं.

दुसरी सवय जास्त चिवट आहे, कारण ती चांगली दिसते. ती म्हणजे ‘शाब्बास’. मूल्यमापन हा आपला रोजचा व्यवसाय. रागावणं सोडणं त्यामानाने सोपं जातं, कौतुक सोडणं जड जातं. समोरची बाई सांगते, ‘या आठवड्यात मी सासूबाईंना शांतपणे उत्तर दिलं.’ तुम्ही म्हणता, ‘अरे वा, छान केलंत!’ पुढच्या आठवड्यात तिचा तोल जातो, आरडाओरडा होतो. ते ती तुम्हाला सांगत नाही. तुमच्याकडून मिळालेला शेरा तिला घालवायचा नसतो. त्याऐवजी ‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ एवढं विचारलं असतं तर दोन्ही आठवडे तुमच्यासमोर आले असते. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली उपचारातल्या बदलासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. समोरच्या माणसाचा बिनशर्त स्वीकार ही त्यांतली एक. परीक्षेत ती दोन ओळींत लिहून मोकळं होता येतं. पेपर तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ती आचरणात आणताना घाम फुटतो.

याच कारणासाठी एका उपचारपद्धतीबद्दल सांगते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती, म्हणजे आर.ई.बी.टी., महाराष्ट्रात खोल रुजली आहे. कि. मो. फडके यांनी ती इथे आणली, शिकवली, मराठीत त्यावर भरपूर लिहिलं. पद्धत उत्तम आहे, मीही ती वापरते. शिक्षकांना ती फार पटकन आवडते. घटना, त्यावरचा आपला विचार, त्यातून आलेली भावना आणि वागणूक अशी तिची मांडणी फळ्यावर काढून दाखवता येते. धोका नेमका तिथेच आहे. देखरेखीला आलेल्या एका शिक्षकाच्या नोंदींत पंचेचाळीस मिनिटांच्या सत्रातली तीसेक मिनिटं तो स्वतःच बोलत होता : अविवेकी समज म्हणजे काय, त्याचे प्रकार किती, उदाहरणं कोणती. समोर बसलेला तरुण बिचारा मान डोलावत होता. त्याचे वडील तीन आठवड्यांपूर्वी वारले होते. हे तंत्र जरूर शिका, पण आधी वर्षभर नुसतं ऐकायला शिका, असं मी प्रत्येक शिक्षकाला सांगते.

तुमच्याकडे जे आहे तेही कमी नाही. चौदा-पंधरा वर्षांचं मूल घरी कसं आणि मित्रांत कसं असतं हे तुम्हाला जवळून माहीत आहे. अक्षर अचानक बिघडलं, डबा न खाता परत गेला, मागच्या बाकावर जाऊन बसायला लागलं, हे तुमच्या नजरेतून सुटत नाही. पालकसभेत चिडलेल्या बापाशी बोलायची सवय आहे. आणि तुमच्याकडे मराठी आहे. समुपदेशनाचं बहुतेक शिक्षण इंग्रजीतून होतं. प्रशिक्षित मुलं-मुली ‘अँझायटी’ पटकन ओळखतात, पण ‘छातीत धस्स होतं’, ‘जीव थाऱ्यावर नाही’, ‘डोकं भणभणतं’, ‘कशातच मन लागंना’ यांतला फरक त्यांना विचारून घ्यावा लागतो. तुम्हाला तो ऐकताच कळेल. सोलापूर, सांगली, जालना इथल्या लोकांना त्यांच्याच बोलीत ऐकून घेणाऱ्या माणसांची आज फार गरज आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत असं दिसलं होतं. त्यांच्यापर्यंत पोचायला भाषा लागते.

आता कायदा आणि पदवी. इथे गोंधळ खूप आहे आणि त्याचा फायदा घेणारेही खूप.

भारतात नुसतं ‘समुपदेशक’ म्हणवून घ्यायला आजवर कुठला परवाना लागत नव्हता. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ (औषधं न देता मानसिक आजारांवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ) म्हणवून घ्यायला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आर.सी.आय.ची, नोंदणी लागते आणि ती परिषदेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाशिवाय मिळत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसोपचार परिचारिका, मनोविकार सामाजिक कार्यकर्ते अशांचा उल्लेख आहे, समुपदेशकाचा नाही. नंतर २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक आले आहेत. म्हणजे हे क्षेत्र हळूहळू नोंदणीकडे चाललंय. आज तीन महिन्यांचं प्रमाणपत्र घेऊन पाटी लावणाऱ्याची उद्या अडचण होणार. तुम्ही पुढची वीस वर्षं काम करणार असाल तर पाया मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीचाच घाला.

याच बाबतीत अलीकडे मोठा बदल झालाय आणि तो शिक्षकांना थेट लागतो. आतापर्यंत माझ्याकडे येणारे बहुतेक शिक्षक नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने एम.ए. मानसशास्त्र करत. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला इग्नूमध्ये तशी सोय होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. आधीच ज्यांची पदवी झाली त्यांची पदवी कायम आहे, पण तुम्हाला आता तो रस्ता नाही. नियमित, हजेरी लावून करायचं दोन वर्षांचं एम.ए. हाच मार्ग उरतो. मराठी विषयाच्या पदवीवर प्रवेश मिळतो का, प्रवेशपरीक्षा आहे का, हे विद्यापीठागणिक बदलतं, म्हणून शिवाजी विद्यापीठ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ आणि एस.एन.डी.टी. या चौघांकडे यंदाचे नियम स्वतः विचारा. ‘घरबसल्या मानसशास्त्रज्ञ व्हा’ अशा जाहिराती अजूनही मोबाइलवर येतात. त्यांना पैसे पाठवू नका.

मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि औषधं तेच देतात, हे तुम्हाला माहीतच आहे. तरी एक सांगून ठेवते : समुपदेशकाने ‘ती झोपेची गोळी बंद करा, सवय लागेल’ एवढंसुद्धा म्हणायचं नाही. बुद्ध्यांक चाचण्या आणि निदान हेही आपलं काम नाही. अध्ययन अक्षमतेचा दाखला शासनाने नेमून दिलेल्या रुग्णालयांतूनच मिळतो; मुंबईतलं शीव रुग्णालय त्यांतलं जुनं. शिक्षक-समुपदेशकाकडे पालक हाच दाखला मागत येतात. त्यांना योग्य ठिकाणी पाठवणं एवढंच तुमच्या हातात.

नोकरीत राहून आत्ता करण्यासारखं काय आहे? एन.सी.ई.आर.टी.चा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम सेवेतल्या शिक्षकांना डोळ्यासमोर ठेवूनच आखलेला आहे. वर्षभराचा. काही महिने घरून अभ्यास, तीन महिने केंद्रावर प्रत्यक्ष, शेवटी आपापल्या ठिकाणी इंटर्नशिप. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी एन.सी.ई.आर.टी.ची प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळला आहे. शाळेची परवानगी आणि घरातून तीन महिन्यांची मोकळीक मिळाली तर शाळेतल्या समुपदेशनासाठी हा मला सगळ्यांत विश्वासार्ह वाटतो. एम.ए.ची जागा तो घेत नाही, पण हे काम आपल्याला झेपतंय का ते कळतं. ठाण्याची आय.पी.एच. ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केली. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका हे मानसशास्त्राचं केंद्र आहे. दोन्हीकडे मराठीतून काम चालतं आणि वेळोवेळी प्रशिक्षणं होतात. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे. व्यसनी माणसाच्या बायकोला आणि मुलांना कसं ऐकायचं हे अशा ठिकाणी राहून, बघून जितकं शिकता येतं तितकं वर्गात नाही. तुमच्या शाळेतल्या किती घरांत दारू आहे हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात स्वयंसेवक म्हणून काही आठवडे द्या. आणखी एक : दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत राज्य मंडळ जिल्ह्यागणिक समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. हे काम बऱ्याचदा शिक्षकच करतात. विभागीय मंडळाकडे तुमचं नाव द्या. त्या फोनवर जे ऐकायला मिळेल त्याच्या नोंदी ठेवा, अर्थात नाव-गाव न लिहिता.

देखरेख म्हणजे नक्की काय, हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. सत्र संपल्यावर तुम्ही आठवेल तसा संवाद लिहून काढता. समोरच्याने लेखी परवानगी दिली असेल तर ध्वनिमुद्रणही चालतं. ते घेऊन तुम्ही देखरेख करणाऱ्याकडे बसता. समजा, तुम्ही वाचताय : ‘ती म्हणाली, नवरा मारतो. मी विचारलं, मुलं किती आहेत?’ मी तिथे थांबवेन. मारतो म्हटल्यावर मुलांकडे का गेलात? कदाचित उत्तर असेल की ऐकवलं नाही. तसं असेल तर ‘ऐकवलं नाही’ यावर आपण पुढचा अर्धा तास बोलू. तुमच्या घरात, आजूबाजूला, लहानपणी काय पाहिलंत तिथवर ते जाऊ शकतं. मग मी सांगेन की यासाठी तुम्ही स्वतः दुसऱ्या कुणाकडे तरी समुपदेशन घ्या, माझ्याकडे नको. आणि ती बाई आज रात्री घरी सुरक्षित आहे का, हे पुढच्या भेटीत कसं विचारायचं त्याचा सराव करून घेईन. सुरुवातीला दर आठ-दहा सत्रांमागे एक तास देखरेख असावी असं मी सुचवते. याचे पैसे पडतात, आणि पैसे वाचवण्यासाठी नवे लोक नेमकं हेच गाळतात.

शाळेतच काम करणार असाल तर एक गोष्ट आधीपासून पक्की ठरवा : ज्या मुलांना शिकवता, ज्यांचे पेपर तपासता, त्यांचं समुपदेशन करायचं नाही. तुमच्या हातात त्यांचे अंतर्गत गुण आहेत, तोवर ती तुमच्याशी पूर्ण मोकळी होऊ शकत नाहीत. त्यांना ऐकून घ्या, आधार द्या, पण सत्रं घ्यायला दुसऱ्या कुणाकडे पाठवा. तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य म्हणजे ‘मुलं माझ्याजवळ मन मोकळं करतात’. ही तुमची माया आहे आणि ती खरी आहे. समुपदेशकाकडे मात्र असेही लोक येतात ज्यांना तुम्ही अजिबात आवडत नाही, जे बापाने धरून आणलेले असतात आणि वीस मिनिटं खिडकीबाहेर बघत बसतात. तेही तुमचेच.

गोपनीयतेचा प्रश्न स्टाफरूममध्ये रोज उभा राहील. चहा पिताना कुणीतरी विचारेल, ‘ती दहावी ब मधली तुमच्याकडे येते ना, काय भानगड आहे?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. शाळेत मुलं सगळ्यांची असतात. मुख्याध्यापक विचारतील तेव्हा तर नकार देणं आणखी अवघड. यासाठी पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांबरोबर लेखी ठरवून घ्या की मूल येतंय की नाही एवढंच कळवलं जाईल, काय बोललं ते नाही. आणि मुलाच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लैंगिक अत्याचार असेल, तेव्हाच बाहेर सांगितलं जाईल. हीच अट मुलाला पहिल्या भेटीत, त्याला कळेल अशा भाषेत सांगा. नोंदवही शाळेच्या कपाटात नको. कुलूप आणि किल्ली दोन्ही तुमच्याकडे हवी. तालुक्याच्या गावात काम करताना आणखी एक ठरवून घ्यावं लागतं. बाजारात समोरून क्लायंट आला तर ओळख आपण आधी दाखवायची नाही. त्याने दाखवली तरच नमस्कार, आणि चौकशी हवा-पाण्याची. हेही पहिल्या भेटीत सांगून ठेवलं की त्याला अपमान वाटत नाही.

आता पैशाचं. तुमची सेवा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, १९८१ खाली येते. सेवेत असताना फी घेऊन बाहेर समुपदेशन करायला संस्थेची परवानगी लागेल. ती नसताना सुरू करू नका. पुढे कुणी तक्रार केली तर नोकरी आणि नाव दोन्ही अडचणीत येतात. विनामूल्य, एखाद्या संस्थेच्या छत्राखाली केलेल्या कामाला सहसा हरकत घेतली जात नाही, पण त्याचंही पत्र देऊन ठेवा. जुन्या निवृत्तिवेतन नियमांत २० वर्षांच्या अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या, म्हणजे त्या जुन्या योजनेत येत नाही, त्यामुळे तुमचं गणित वेगळं आहे. १६ व्या वर्षी सोडलं तर हातात काय पडतं, २० व्या वर्षी काय, आणि एम.ए.साठी दोन वर्षं बिनपगारी रजा मिळते का, हे तिन्ही प्रश्न संस्थेला आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर राजीनामा लिहू नका. माझा कल असा : रजा मिळत असेल तर रजा घेऊन एम.ए. करा, परत रुजू व्हा, देखरेखीखाली काम वाढवत न्या, आणि २० वर्षं झाल्यावर सोडण्याचा विचार करा. पटसंख्या घटून तुम्ही अतिरिक्त ठरण्याची शक्यता असेल तर मात्र वेळापत्रक आधी आणावं लागेल.

समुपदेशनातलं उत्पन्न मला दिसतं ते असं. जिल्ह्याच्या ठिकाणी एका सत्राचे ५०० ते ८०० रुपये मिळतात, पुण्या-मुंबईत त्याच्या दुप्पट-तिप्पट. दिवसाला चार सत्रं नीट होतात. पाचव्याला कान ऐकतात, मन ऐकत नाही. आठवड्याला २० सत्रं, ६०० रुपयांनी १२,००० रुपये, महिन्याला ४८,००० च्या आसपास. त्यातून खोलीचं भाडं, देखरेखीची फी, न आलेल्या लोकांची रिकामी सत्रं वजा करा. आणि आठवड्याला २० सत्रांपर्यंत पोचायलाच दोन-तीन वर्षं जातात. नुसत्या पाटीने लोक येत नाहीत. बालरोगतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ पाठवतात तेव्हा येतात. त्यांना जाऊन भेटावं लागतं. ‘नुसतं बोलायचे पैसे?’ हा प्रश्न येईलच. फी पहिल्या फोनवरच सांगा, कमी करायची असेल तर तेव्हाच करा. फी न घेता वर्षानुवर्षं ऐकणाऱ्या बायका मी थकून जाताना पाहिल्या आहेत.

पगाराची नोकरी हवी असेल तर शाळा-महाविद्यालयांत आता जागा वाढतील. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात, १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असं सांगितलं. सीबीएसईच्या शाळांना समुपदेशकाची अट आधीपासून आहे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या नोंदींत आपलं राज्य गेली काही वर्षं सगळ्यांत वर आहे, तेव्हा हे काम खरोखर तातडीचं आहे. मात्र नेमणूक स्वीकारताना कामाचं स्वरूप लिहून घ्या. समुपदेशक म्हणून घेतलेल्या बाईला गैरहजर शिक्षकांचे तास, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन आणि प्रवेशाच्या जाहिराती देऊन टाकायची पद्धत सर्रास आहे. स्वतंत्र खोली, दाराला आतून पडदा, आणि आठवड्यातले ठरलेले तास एवढं तरी मिळालंच पाहिजे.

या आठवड्यात दोन-तीन संस्थांना फोन कराल तेव्हा फीच्या आधी चार गोष्टी विचारा. प्रत्यक्ष माणसांबरोबर किती तास काम करायला मिळेल? त्या कामावर देखरेख कोण करणार आणि त्यांचं स्वतःचं शिक्षण काय? माझं एखादं पूर्ण सत्र कुणी ऐकून त्यावर माझ्याशी बोलणार आहे का? कोर्स संपल्यावर देखरेख चालू ठेवता येते का? तिसऱ्या प्रश्नाला ‘आमचे व्हिडिओ आहेत’ किंवा ‘शेवटी प्रोजेक्ट असतो’ असं उत्तर आलं तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा आणि पुढच्या संस्थेचा नंबर लावा.